सेकंड हँड एक्सयूव्ही ५०० घेताना: गाडी थंड असताना बघा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

तुमचा प्रश्न असा आहे की पुण्यात एका डीलरकडे २०१७ ची एक्सयूव्ही ५०० आहे, डब्ल्यू ८, डिझेल, मॅन्युअल, मीटरवर ७८ हजार, सिंगल ओनर म्हणून सांगितलंय आणि सव्वाआठ लाख मागतोय. घरात सहा माणसं, आईचे गुडघे दुखतात, गाव चिपळूणजवळ त्यामुळे कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी दिसायला एकदम चकाचक आहे, ओळखीचा मिस्त्री कोणी नाही, तर जाऊन नेमकं काय बघायचं. दुसरीकडे २०१८ ची क्रेटा पण मनात आहे.

माझं कराडला हायवेलगत गॅरेज आहे, २३ वर्षं झाली. दर महिन्याला चार-पाच जण तरी गाडी "घेतल्यावर" दाखवायला आणतात, घ्यायच्या आधी आणणारे फार कमी, आणि खरं सांगतो, घेतल्यानंतर आलेल्या माणसाला खरी गोष्ट सांगताना मला फार वाईट वाटतं कारण त्यात त्याची पाच-सात वर्षांची बचत गेलेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. जुन्या गाडीत तीनच गोष्टी अशा आहेत की ज्या पैसे टाकूनसुद्धा नीट होत नाहीत: पाण्यात बुडालेली गाडी, सांगाड्याला मार बसलेली गाडी, आणि कागद अडकलेली गाडी. बाकी क्लच, टर्बो, शॉकअप, बुश, टायर, एसी हे सगळं बिल आहे, मोठं असेल पण बिलच, आणि ते किमतीतून वजा करता येतं. लोक नेमकं उलटं करतात. दारावरचा ओरखडा बघून दहा हजार कमी करून घेतात आणि सीटखाली वाकून बघत नाहीत.

तर पहिलं पाणी. तुम्ही चिपळूणचेच, तुम्हाला मी जुलै २०२१ चा पूर काय सांगू. त्याच्या आधी ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, इकडे आमच्या कराडात पण कोयनेचं पाणी शिरलं होतं. अशा वेळी ज्या गाड्या इन्शुरन्सवाले टोटल लॉस धरतात त्या काही भंगारातच जातात असं नाही, लिलावात निघतात, कोणीतरी स्वस्तात उचलतो, धुऊन, सुकवून, सीट कव्हर घालून लांबच्या शहरात विकतो. म्हणून नंबर एमएच ०८, ०९ किंवा १० चा दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका आणि एमएच १२ दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका, पार्किंगच्या बेसमेंटमध्ये पाणी भरायला नदी लागत नाही.

बघायचं कसं ते सांगतो. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरा आणि हळूहळू संपेपर्यंत बाहेर ओढा, अगदी शेवटचा वीतभर भाग जो रोज कधीच बाहेर येत नाही तो. गाडी धुणारा माणूस सगळं धुतो पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे पांढरी सात सीटर घेऊन आलं, टोकन देऊन झालं होतं, फक्त "एकदा बघा" म्हणाले. गाडी सुंदर होती, वास पण अत्तराचा. बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर पट्टीवर तपकिरी रंगाची आडवी रेघ, आणि त्याच्या खाली कापड कडक, बोटाने चोळलं तर बारीक माती हाताला आली. मग ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली, पुढचं कार्पेट उचललं, रेलच्या खाचेत गाळ वाळून बसलेला, सीटच्या खालच्या स्प्रिंगा आणि बोल्ट गंजून लाल. त्या बाईंनी काही न बोलता नवऱ्याकडे बघितलं. टोकनचे पैसे गेले पण गाडी वाचली म्हणजे ते वाचले, कारण पाण्यातल्या गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही, सहा-आठ महिन्यांनी वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडायला लागतात आणि मग आज पॉवर विंडो बंद, उद्या एअरबॅगची लाईट, परवा गाडी चालू होईना, आणि फॉल्ट शोधण्यात मेकॅनिकचा पण जीव जातो.

तर बेल्ट सगळ्या सीटचे ओढा, तिसऱ्या ओळीचे पण. टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली पायाकडून वर बघा, तिथले लोखंडी ब्रॅकेट आणि स्क्रू गंजलेत का. फ्यूजबॉक्स उघडा. मागच्या लाईटच्या काचेच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ आहे का बघा. डिकीतलं कार्पेट, टूलकिटची जागा. या गाडीची स्टेपनी आत नसते, खाली टांगलेली असते, म्हणून डिकीत स्टेपनीचा खड्डा शोधत बसू नका, तो क्रेटामध्ये मिळेल आणि क्रेटा बघाल तेव्हा जरूर उचकटून बघा. आणि गाडीत फार सुवास येत असेल तर सगळ्या काचा बंद करून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास असेल तर तो सुवासाच्या वर येतोच.

दुसरं सांगाडा. एक्सयूव्ही ५०० ही स्कॉर्पिओ-बोलेरोसारखी चेसिसवर बांधलेली गाडी नाही, ही मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे बंपर, फेंडर, दरवाजा, बोनेट बदललेलं असेल तर माझी काही तक्रार नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये नऊ वर्षांत एखादं पॅनेल रंगवलं जाणारच. पण बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूला आत जे पत्रे आहेत, अॅप्रन म्हणतो आम्ही, जिथे शॉकअपचं डोकं वर येतं तो भाग, रेडिएटरला धरणारा आडवा क्रॉस मेंबर, आणि दरवाजांचे पिलर, इथे हात लागलेला असेल तर गाडी सोडा. ओळखायचं असं की कंपनीच्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर गोल गोल खळग्यांसारखे स्पॉट वेल्ड असतात आणि सांध्यावर सीलंटची एकसारखी रेघ असते. दुरुस्त केलेल्या जागी वेल्डिंगच्या गाठी दिसतात किंवा ते खळगे गायब असतात किंवा सीलंट बोटाने फासल्यासारखं जाड-बारीक असतं. डावी बाजू आणि उजवी बाजू दोन्हीचे मोबाईलवर फोटो काढून शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक असेल तर डोळ्याला लगेच कळतो, त्याला मिस्त्री लागत नाही.

दरवाजा उघडून चौकटीवरचं रबर बीडिंग जरा ओढून काढा, सहज निघतं आणि दाबलं की परत बसतं, त्याच्या खाली पिलरची कड दिसते, तिथले स्पॉट वेल्ड बघा. डीलर "कशाला काढताय" म्हणाला तर शांतपणे सांगा की परत लावून देतो. बोनेट, फेंडर आणि दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट बघा, बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो भाग कधीतरी खोललाय. खोललाय म्हणजे वाईटच असं नाही, पण मग विचारा कधी आणि का, आणि उत्तर देताना माणूस अडखळतो का ते बघा. रंगाची जाडी मोजायचं मीटर कोणाकडे मिळालं तर फारच छान, कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, दोनशेच्या वर गेला की परत रंगवलंय, पाचशे-हजार दाखवलं की खाली पुट्टी आहे. मीटर नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीच्या मागच्या कोपऱ्यात उभं राहून बॉडीच्या कडेने पुढे बघा, पुट्टी मारलेल्या जागी प्रतिबिंब लाटेसारखं वाकडं होतं.

एअरबॅगची लाईट. इग्निशन ऑन केलं की ती पेटली पाहिजे आणि काही सेकंदांनी विझली पाहिजे. पेटून राहिली तर फॉल्ट आहे. आणि अजिबात पेटलीच नाही तर त्याहून वाईट, म्हणजे एअरबॅग उघडून गेल्यात आणि कोणीतरी लाईटच बंद करून ठेवलीय. हे घरच्यांच्या जिवाचं आहे, इथे तडजोड नको. चेक इंजिन आणि एबीएसची लाईट पण तशीच बघा.

आता कागद, हा भाग कंटाळवाणा आहे पण माझ्याकडे येणारी निम्मी रडकथा इथलीच असते. एम-परिवहन अॅपवर किंवा परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा: मालकाचा क्रम, नोंदणीची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, बँकेचा बोजा आहे का, ब्लॅकलिस्टेड आहे का. महाराष्ट्राच्या ई-चलानच्या साइटवर दंड बघा, पाच-दहा हजारांची चलानं सहज निघतात आणि गाडी नावावर करताना ती तुमच्या गळ्यात येतात. आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "दोन दिवसात येईल" हे वाक्य मी वर्ष वर्ष लांबलेलं बघितलंय. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला असतो तो स्वतः वाचून आरसीशी एकेक अक्षर जुळवा, फोटोवर जाऊ नका. जुन्या गाड्यांना पण आता महाराष्ट्रात नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बंधनकारक केलीय, ती बसवलीय का बघा.

इन्शुरन्सची चालू पॉलिसी मागा आणि त्यात एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के लिहिलाय ते वाचा. हे फार कमी लोक बघतात. ५० टक्के असेल तर मालकाने किमान पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही, शून्य असेल तर मागच्या पॉलिसीत क्लेम झालाय किंवा मध्ये पॉलिसी बंद पडली होती, आणि मग तो क्लेम कशाचा होता हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आता एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणजे एखाद्याने जुन्या गाडीवरचा या गाडीवर आणलेला असू शकतो, म्हणून एकच पॉलिसी न बघता मागच्या दोन-तीन मागा. जुलै २०२१ च्या आसपासची मिळाली तर उत्तम. आणि हो, त्यांचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे "इन्शुरन्स आहे की वर्षभराचा" म्हणून पैसे जास्त लावत असतील तर तो फरक तुम्हाला भरावा लागेल हे धरून चाला.

दिल्ली-हरियाणाची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून कोणी फोन केला तर एकच सांगतो, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) बंदीचा आदेश आल्यापासून तिकडच्या गाड्या बाहेर ढकलल्या जातात, त्या इकडे आणायच्या तर तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं धरून स्वस्ताई फारशी उरत नाही. इथलीच एमएच ची बघताय ते बरंय.

आता इंजिन, आणि इथे थंड गाडीचा मुद्दा येतो. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी सकाळी आठला येतोय, माझ्यासमोर चालू करायची, आधी करू नका. गेल्या गेल्या हात बोनेटवर ठेवा. कोमट लागलं तर चहा प्यायला जा आणि दुसऱ्या दिवशी परत या, खरंच परत या. कारण थकलेलं डिझेल इंजिन गरम झाल्यावर अगदी गुणी बाळासारखं वागतं, त्याचं दुखणं दिसतं ते फक्त रात्रभर उभं राहिल्यावर पहिल्या दोन मिनिटांत. किती वेळ सेल्फ मारावा लागतो, चालू झाल्यावर थरथरतं का, आणि सायलेन्सरमधून काय येतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, दोन मिनिटांनी पण थांबत नाही, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. काळा धूर जोरात रेस दिल्यावर थोडा आला तर घाबरू नका पण ढगच्या ढग आले तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचे पाईप, इंजेक्टर यातलं काहीतरी आहे. ग्लो प्लगमुळे (थंड इंजिन चालू व्हायला आत गरम करणारा प्लग) पण थंडीत वेळ लागतो, ते स्वस्तातलं काम आहे.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काळजीपूर्वक सोडवा आणि तसंच वर ठेवून द्या. हलकं थरथरलं तर ठीक. फक फक करून उडत असेल आणि धूर बाहेर येत असेल तर पिस्टन रिंगमधून प्रेशर खाली येतंय, म्हणजे इंजिन काम, आणि या गाडीच्या २.२ लिटर एमहॉक इंजिनाचं काम म्हणजे लाखाच्या घरातली गोष्ट, तिथे विषय संपवा. हे इंजिन मुळात दणकट आहे हां, टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, वेळेवर ऑइल बदललेली दोन लाखांच्या पुढे गेलेली इंजिनं मी स्वतः बघतो. पण थंड असताना पुढच्या बाजूने खळखळ साखळीसारखा आवाज येऊन नंतर कमी होत असेल तर चेनचं काम जवळ आलंय. (तुम्ही पुढे कधी डस्टर डिझेल, कंपास किंवा हॅरियरकडे वळलात तर त्यात टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला त्याचं बिल मागायचं, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात.) कुलंटची टाकी इंजिन थंड असतानाच उघडा, आत साधं पाणी आहे की कुलंट, वर तेलाचा तवंग आहे का. साधं पाणी दिसलं तर समजा गाडीने कुठेतरी गळती सोसलीय.

मीटरच्या आकड्यावर फार जीव लावू नका. ७८ हजार, नऊ वर्षं, म्हणजे वर्षाला साडेआठ-नऊ हजार. अशक्य नाही, पण डिझेल सात सीटर माणूस घेतो ती फिरवायला घेतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो की मग चालली का नाही. मालकाला स्वतःच्या नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा, प्रत्येक नोंदीला किलोमीटर असतात, मध्येच आकडा मागे गेलेला असेल तर लगेच कळतं. ती मिळत नसेल तर गाडीलाच विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. ७८ हजारांत साधारण एक सेट संपून दुसरा चालू असायला हवा. चारही टायर गेल्या वर्षीचे आणि स्टेपनी पण मूळची नाही, तर हा तिसरा सेट नाही कशावरून. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेने गुळगुळीत झालंय का, स्टेअरिंगची वरची बाजू आणि गिअरचा नॉब चकाकतोय का, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड बसलीय का. स्टेअरिंगला नवं कोरं कव्हर आणि पेडलला नवी रबरं असतील तर ती का घातली हे विचारा. आणि मी तर म्हणतो खरे दीड लाख चाललेली, सगळी बिलं असलेली हायवेची गाडी मला खोट्या ७८ हजारांच्या गाडीपेक्षा कधीही चालेल, मी माझ्या मेहुण्याला अशीच एक १ लाख ४० हजारांची घेऊन दिली, मस्त चाललीय.

चालवून बघताना डीलरच्या गल्लीत दोन फेऱ्या मारू नका. पुण्यात आहात तर कात्रजचा जुना घाट हाताशी आहे, एसी फुल ठेवून, घरचे तीन-चार जण बसवून चढवा. तुम्हाला कुंभार्ली चढायचाय ना, मग गाडी घाटातच बोलली पाहिजे. टेंपरेचरचा काटा हलतो का बघा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना अॅक्सिलरेटर जोरात दाबा, इंजिनचे आरपीएम वर पळाले आणि गाडीचा वेग तसा वाढला नाही तर क्लच घसरतोय. या गाडीला ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून चालवणारा ड्रायव्हर मिळाला तर क्लच लवकर जातो आणि काम पाच आकडी बिलाचं आहे, ते किमतीतून वजा करा. टर्बो साधारण दोन हजार आरपीएमच्या आसपास नीट ओढायला लागतो, तिथे शिट्टीसारखा मोठा आवाज येऊन ओढ मात्र नसेल तर टर्बो किंवा इंटरकूलरचा पाईप. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. स्पीडब्रेकरवरून एकदम हळू, तिरपी, एकेक चाक चढवा, काचा खाली आणि गाणी बंद, पुढून खट खट आलं तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. या गाडीत हा आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की तो नसेल तर मला आनंद होतो, असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त पैसे.

तुमच्या आईंना बरोबर न्या. हे मी मनापासून सांगतो, लोक सगळं बघतात आणि ज्यांच्यासाठी घेतोय त्यांनाच घरी ठेवतात. गाडी उंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय वर टाकून चढायला लागतं, त्यांना स्वतः चढू द्या, उतरू द्या, दोनदा. साइडस्टेप बसवून घेता येते पण ती किती उंचीवर येते ते बघून. तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाला बसवून बघा, गुडघे वर येतात, मुलांना ठीक, मोठ्यांना पुणे-चिपळूण एवढं अंतर त्रासाचं. आणि तिसरी ओळ वापरली की डिकीत जेमतेम एक-दोन पिशव्या राहतात, म्हणजे सहा माणसं आणि गणपतीचं सामान एकत्र मावणार नाही, वर कॅरिअर लागेल. मागच्या दोन्ही ओळींना एसीचा गारवा येतो का ते गाडी उभी असताना तपासा. गाडी चालताना गार आणि उभी राहिली की कोमट, असं असेल तर कंडेन्सर, पंखा किंवा गॅस, पण दर महिन्याला गॅस भरावा लागत असेल तर कूलिंग कॉइल लीक असण्याची शक्यता मोठी आणि त्याला डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

क्रेटाबद्दल थोडक्यात. २०१८ ची १.६ डिझेल फार चांगलं इंजिन, चालवायला हलकी, पण ती पाच सीटर आहे आणि तुम्ही सहा जण. आई, बायको, मुलं मागे चौघं कोंबून कुंभार्लीच्या वळणांवर नेणार असाल तर मी ती सुचवणार नाही, गाडी कितीही चांगली असली तरी सहावा बेल्ट तिच्यात नाही. सनरूफवाली बघितलीत तर छताच्या कापडावर कोपऱ्यात पिवळे डाग आहेत का बघा, पाणी जायच्या नळ्या तुंबल्या की आत ठिबकतं. आणि पुढे बजेट वाढवून २०२० नंतरची बीएस सिक्स डिझेल बघणार असाल तर आधी रोजचं रनिंग बघा, रोज चार किलोमीटर शाळा-ऑफिस करणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो, त्याला हायवेचं चालणं लागतं.

किंमत. सव्वाआठ बरोबर की चूक हे गाडी न बघता मी सांगणार नाही. पण हे लक्षात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांचा जीएसटी कमी झाला आणि नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव पण खाली यायला पाहिजे, जुने भाव लावून बसलेले डीलर आहेत, त्यांना हे बोलून दाखवा. कोणी "वर अठरा टक्के जीएसटी पूर्ण किमतीवर" म्हणाला तर तेही खरं नाही, तो डीलरच्या नफ्याच्या फरकावर असतो. चारही टायर संपलेले असतील तर २३५/६५ आर १७ चा सेट चाळीस हजारांच्या आसपास धरा आणि तेवढे कमी करून मागा. दुसरी चावी मागा, नसेल तर तिचेही.

एकदा व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) वर सही फक्त, रकाने कोरे असं करू नका, तुमचं नाव आणि तारीख भरून घ्या. डिलिव्हरीची पावती करा, त्यात तारखेबरोबर वेळ पण लिहा, म्हणजे त्या वेळेआधीचं चलान आणि अपघात त्यांचा. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, इन्शुरन्स पण १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर उद्या गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. डीलरकडे आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का हेही विचारा, २०२३ पासून ते लागतं.

शनिवारी जाताय ना, मग टॉर्च, एक जुनी चादर खाली झोपून बघायला आणि हात पुसायला फडकं घेऊन जा. बेल्टचं टोक, ड्रायव्हर सीटची रेल, दोन्ही बाजूचे अॅप्रन आणि इंजिन थंड चालू करतानाचा व्हिडिओ, एवढं मला पाठवा, मी रात्री गॅरेज बंद करून बघतो आणि कळवतो. तोपर्यंत टोकन देऊ नका.